नंदकिशोरजींचं भट्टीघर

जयपूरच्या सरकारी हॉस्पिटलात मी चौदा वर्षं कान-नाक-घशाचा डॉक्टर होतो. त्या चौदा वर्षांत हजारो नाकं तपासली असतील. त्यातलं एकच लक्षात राहिलं, आणि त्याच्यावर मला काहीही उपचार करता आला नाही.

मार्च १९५६ मधली गोष्ट. आमचे शेजारी आप्पासाहेब मूळचे कोल्हापूरचे, विमा कंपनीत अधिकारी. जयपुरात असा माणूस नव्हता ज्याला ते ओळखत नसत. एका शनिवारी संध्याकाळी येऊन म्हणाले, "डॉक्टर, उद्या सकाळी वहिनींना घेऊन तयार राहा. सांगानेरच्या पलीकडे एक घर आहे, तिथं आसव काढतात. चार पिढ्यांचं काम. बघण्यासारखं आहे."

आसव म्हटल्यावर माझी बायको विभा खूश झाली. आमची वीणा तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिला भूक लागत नसे. विभाला वाटलं, एखादे वैद्यबुवा असतील, द्राक्षासवासारखं काहीतरी विचारून घेऊ. वीणाला शेजारी ठेवून आम्ही जीपमधून निघालो. सांगानेर मागे पडल्यावर आप्पासाहेबांनी सावकाश सांगितलं की हे आसव म्हणजे दारू. जवळच्या ठिकाण्याच्या, म्हणजे जहागिरीच्या, ठाकूरसाहेबांसाठी गाळली जायची ती. विभानं पदर सावरून तोंड बाहेर वळवलं. पण जीप काही मागे वळवता आली नाही.

घर मातीचं आणि ऐसपैस होतं. दारात नंदकिशोरजी उभे होते. पन्नाशीचे, उंच, किडकिडीत, पांढरी पगडी, दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. अगदी हळू आवाजात बोलायचे. जहागिऱ्या खालसा झाल्यावर त्यांच्या घराण्याला थोडंसं आसव काढण्याचा सरकारी परवाना मिळाला होता. लग्नाकार्यासाठी बाटल्या जायच्या. रविवारी शहरातून कोणी आलं तर ते स्वतः सगळं फिरवून दाखवत आणि शेवटी चव देत. धाकटा भाऊ घीसालाल बाहेरची गिऱ्हाइकं सांभाळायचा.

अंगणात धुतलेल्या चादरींवर गुलाबाच्या पाकळ्यांचे ढीग होते. पहाटे तोडलेली फुलं, अजून ओलसर. "ऊन चढायच्या आत ही देगीत गेली पाहिजेत," ते म्हणाले. "फूल दुपारी जिवंत दिसतं, पण ते गेलेलं असतं." मग त्यांनी जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण दाखवले. गूळ, बाभळीची साल आणि पाणी त्यात आंबत होतं. एका रांजणाला कान लावायला सांगितलं. आत बारीक चुरचुर चालली होती. विभानंही कान लावला आणि पहिल्यांदा हसली.

भट्टीघर अंगणाच्या टोकाला होतं. तांब्याची मोठी देग, तिच्या झाकणाला कणीक आणि माती लिंपलेली, झाकणातून निघालेली बांबूची नळी आणि नळीच्या तोंडाशी थंड पाण्यात बसवलेलं भांडं. नळीतून थेंब थेंब पडत होता.

"सगळं कसब इथं," नंदकिशोरजी म्हणाले. "पहिली धार विषासारखी, ती टाकून द्यायची. शेवटची धार सडकी, तीही टाकायची. मधली ठेवायची. आता पहिली कुठं संपली आणि मधली कुठं सुरू झाली, हे कोण सांगणार? घड्याळ नाही सांगत. नाक सांगतं. माझ्या वडिलांना थोरला मुलगा होता, पण देग त्यांनी माझ्या हाती दिली, कारण घरात नाक मला होतं."

बैठकीत आम्हाला गादीवर बसवलं. आतल्या खोलीच्या दाराला बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा होता, त्यामागे घरातल्या बायका. विभाला त्यांनी सरबत दिलं आणि आम्हा पुरुषांपुढे चांदीच्या चिमुकल्या वाट्या ठेवल्या. बडीशेपेचं, संत्र्याच्या सालीचं, वेलचीचं आणि शेवटी गुलाबाचं. प्रत्येकाबद्दल ते असं काही सांगत की वाटी ओठाला लावायच्या आधीच ती चव जिभेवर यायची. संत्र्याचं ओतताना म्हणाले, "शाळेतून आलेल्या पोरीनं दारात उभं राहून साल सोलली आणि आपण आत बसलोय, तेवढ्या अंतरावरून जे येतं ते."

माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ओतण्याआधी प्रत्येक सुरई पडद्याआड जायची. आत चौकटीवर चांदीचं कडं टक्कन वाजायचं आणि मगच सुरई बाहेर यायची. वेलचीच्या वेळी कडं दोनदा वाजलं. नंदकिशोरजींनी ती सुरई ओतलीच नाही, दुसरी मागवली.

इतक्यात विभा म्हणाली, "काहीतरी जळतंय."

मलाही वास आला, कापडाचा. आप्पासाहेब इकडेतिकडे बघू लागले. नंदकिशोरजींनी मान वर करून जोरात हुंगलं, गंभीरपणे म्हणाले, "चुलीवरचं असेल," आणि पडद्याकडे पाहिलं. त्यांच्याच उपरण्याचं टोक मागं धुपाच्या शेगडीत पडलं होतं आणि धूर त्यांच्या कानाजवळून वर चढत होता. आतून बाईचा आवाज आला, "खांदा! खांदा बघा!" त्यांनी उपरणं झटकलं, विझवलं, हसले. पण माझ्याकडे पाहिलं तेव्हा ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. मी कशाचा डॉक्टर आहे ते आप्पासाहेबांनी दारातच सांगून टाकलं होतं.

निघताना मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "एकदा हॉस्पिटलात या. कोणाला कळणार नाही."

ते तीन आठवड्यांनी आले, एकटेच. पगडी काढून मांडीवर ठेवली. सहा वर्षांपूर्वी उंटगाडीवरून पडले होते, डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली होती. दोन दिवस शुद्ध नव्हती. उठले तेव्हा सगळं ठीक होतं, फक्त वास गेला होता. चव म्हणजे गोड, खारट, आंबट, कडू एवढीच उरली होती.

"आणि हे कोणाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"घरात तिला." बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही, त्यांच्याकडे नवरे घेत नसत. "पडल्यानंतर पहिल्यांदा देग लावली तेव्हा वाटी नाकाशी धरून मी नुसता उभा होतो. तिला कळलं. म्हणाली, वाटीत थोडं थोडं काढून आत पाठवा, मी सांगते. मला वाटलं नव्हतं तिला जमेल. आमच्यात सुनांनी भट्टीघरात पाय ठेवायचा नसतो. तिनं तर कधी थेंबसुद्धा चाखलेला नाही, देवळातल्या देवापुढे शपथ आहे तिची. नुसतं हुंगून सांगते. माझ्यापेक्षाही चांगलं सांगते."

मी डोळे मिटायला सांगून एकेक बाटली त्यांच्या नाकाखाली धरली. लवंग. काही नाही. कॉफी. काही नाही. कापूर, हिंग, केवड्याचं अत्तर. दर वेळी ते नम्रपणे मान हलवत होते, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून. शेवटी मी अमोनियाची बाटली धरली.

त्यांचं डोकं झटकन मागं गेलं. डोळे उघडले, डोळ्यांत पाणी आलं होतं. "आला!" ते ओरडले. "डॉक्टरसाब, आला! नाकात गेला, वरपर्यंत गेला! देवा..." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. पन्नास वर्षांचा तो माणूस हसत होता आणि रडत होता.

अमोनिया झोंबतो. तो वास नसतो; झोंबणं वेगळ्या नसेनं कळतं आणि ती नस शाबूत असते. म्हणूनच ती बाटली शेवटी ठेवायची असते, खरंखोटं पडताळायला. हे मला त्यांना सांगायचं होतं. मी ते दोन मिनिटं सांगितलं नाही, त्यांना तसंच हसू दिलं. मग सांगितलं.

"म्हणजे परत नाही येणार?"

"सहा वर्षं झाली. आता नाही येणार."

त्यांनी पगडी डोक्यावर ठेवली, नीट बसवली आणि नमस्कार करून निघून गेले.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. विभाला आता त्या घराची ओढ लागली होती. ती थेट पडद्याआड जाऊन बसली. तिथं तिची मधुमतीशी, म्हणजे नंदकिशोरजींच्या बायकोशी, ओळख झाली.  घरी आल्यावर विभा म्हणाली, "तुम्ही त्यांना स्पष्ट सांगितलंत ना, येणार नाही म्हणून?"

"विचारल्यावर खोटं कसं सांगू?"

"मधुमतीबाई म्हणत होत्या, सहा वर्षं ते रोज सकाळी उठल्याबरोबर उशाशी ठेवलेली वेलची सोलून हुंगायचे. आज तरी येईल म्हणून. तुमच्याकडून आले त्या दिवसापासून ठेवत नाहीत. रागावल्या नाहीत त्या. म्हणाल्या, डॉक्टरसाहेब खरं बोलले. पण मला ती वेलची बघायची सवय होती."



येणंजाणं मात्र वाढलं. दर वर्षी फाल्गुनात गुलाबाची देग लागली की निरोप यायचा. मधुमती बुटकी, सावळी, लांब घुंघट घेणारी बाई होती. मी तिचा चेहरा कधी नीट पाहिला नाही. विभानं एकदा तिला गोडा मसाला नेऊन दिला. मधुमतीनं डबा उघडून डोळे मिटले आणि आतला एकेक जिन्नस सांगत गेली. धणे, खोबरं, तीळ, शहाजिरं, नागकेशर. मग अडली. "हे एक मला माहीत नाही," म्हणाली. "पाऊस पडून गेल्यावर ओल्या दगडाजवळ बसल्यासारखं." विभानं सांगितलं, त्याला आमच्याकडे दगडफूल म्हणतात. मधुमतीला इतका आनंद झाला की तिनं सुनेला हाक मारून ते नाव पुन्हा उच्चारायला लावलं. ती सून घीसालालची. नंदकिशोरजींना एकच मुलगी, रतन. ती टोंकला दिलेली होती.

१९६२ च्या पावसाळ्यात मधुमतीला विषमज्वर झाला. घरच्यांनी झाडपाल्यात बारा दिवस घालवले आणि मग बैलगाडीतून हॉस्पिटलात आणलं. उशीर झाला होता. आतड्यातून रक्त जात होतं. विभा दोन दिवस तिच्याजवळ बसून होती. मधुमती शुद्धीवर आली की एकच सांगायची, "त्यांना यंदा देग लावू देऊ नका. काहीही सांगा, पण लावू देऊ नका." तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. नंदकिशोरजी रिकाम्या अंगणात बसले होते. त्यांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "डॉक्टरसाब, रतन तिची ओढणी तोंडाशी धरून रडते. म्हणते, बाबूजी, माँचा वास आहे हिला, धुऊ नका. मीही धरून बघितली. एकटा असताना. कापड आहे." पुढे म्हणाले, "रतननं विचारलं, तुम्हाला येतो ना? मी म्हटलं, हो, येतो."

पुढचा फाल्गुन आला. घीसालालनं लग्नाच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या. मी त्याला एवढंच म्हणालो की भावाची तब्येत बरी नाही, या वर्षी राहू दे. मधुमतीच्या शब्दासाठी खरं कारण सांगायला हवं होतं, पण ते गुपित माझं नव्हतं. घीसालालला काहीच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, कामात राहिला तर दुःख विसरेल. नंदकिशोरजींनी देग लावली. घड्याळ धरून, धारेचा रंग बघून, बोटांवर चोळून, सगळं आठवणीनं केलं.

त्या रविवारी बैठकीत बरीच मंडळी होती. शहरातले दोन अधिकारी, त्यांचे पाहुणे, आप्पासाहेब, मी. घरातले म्हातारे काका कोपऱ्यात बसले होते. नंदकिशोरजींनी नेहमीसारखंच सांगितलं, पाकळ्यांचं, रांजणांचं, मधल्या धारेचं. वाट्या भरल्या. सवयीनं त्यांनी सुरई पडद्याकडे नेली आणि तिथंच थांबले. आत कोणी नव्हतं. सुरई परत आणून त्यांनी स्वतःच ओतली.

मी वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली. गुलाबाच्या खाली करपलेल्या तळाचा वास होता, आणि त्याच्याही खाली काहीतरी उग्र, डोळ्यांना चुरचुरणारं. पहिली धार आत राहिली होती. एक पाहुणा घोट घेऊन रुमालात थुंकला. बाकीच्यांनी भिडेखातर वाट्या हातातच धरल्या.

"थोडी कडक झालीय यंदा," घीसालाल घाईनं म्हणाला. "तशीच आवडते पुष्कळांना."

नंदकिशोरजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

ते उठले. एकेकाच्या हातातून वाटी काढून घेतली आणि सगळ्या परातीत ओतल्या. मग हात जोडून म्हणाले, "माफ करा. हे पिऊ नका, त्रास होईल. मला तेरा वर्षं झाली, वास येत नाही. आतापर्यंत तुम्ही लोकांनी इथं जे प्यायलंत, ज्याची तारीफ केलीत, ते माझं नव्हतं. ते मधुमतीचं होतं. या घरचं नाक मधुमती होती."

कोपऱ्यातले काका ताडकन उठले. भर बैठकीत नवऱ्यानं बायकोचं नाव घेतलेलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. घीसालाल पांढराफटक पडला. "भाभी? भाभी गाळत होती?"

"हो. आणि ती कला रतनमध्ये उतरलीय. मी ओळखतो. तिला बोलावू. ती पडद्याआड बसून सांगेल, मी देग सांभाळेन."

"लग्न झालेली मुलगी माहेरी येऊन दारू गाळेल?" घीसालाल ओरडला. "टोंकवाले तिला परत घेतील का? आणि गिऱ्हाइकांना काय सांगू? की चार पिढ्यांचं नाव बायकांनी हुंगून चालवलं?"

नंदकिशोरजी त्याच्याशी भांडले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी एकेक मडकं उचलून त्या फाल्गुनाची सगळी देग नालीत ओतली. आप्पासाहेब आणि मी मदत करत होतो. घीसालाल अंगणात पाठ फिरवून उभा होता. त्याच्यावर मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्याचाही भाऊ त्या दिवशी त्याच्या हातून गेला. तेरा वर्षं एका ताटात जेवून आपल्याला काही सांगितलं नाही, हे त्याला गिळता आलं नाही.

टोंकला निरोप गेला, पण तिकडून नकार आला. रतनची इच्छा होती की नव्हती, ते कोणी विचारलं नाही. घीसालालनं दोन वर्षं स्वतः देग लावून बघितली. पण तो तरुणपणापासून पिणारा, त्याची जीभ बोथट झालेली. बाटल्या परत येऊ लागल्या. पुढे परवान्याची मुदत संपली, ती वाढवून घ्यायला कोणी गेलं नाही. तांब्याची देग एका हलवायानं नेली.

१९६८ च्या मे महिन्यात माझी नागपूरला बदली झाली. जाण्याआधी आम्ही दोघं त्यांना भेटायला निघालो. घरी कळलं की ते सांगानेरच्या बसथांब्याजवळ प्याऊवर असतात. तिकडे उन्हाळ्यात रस्त्याकडेला झोपडी घालून वाटसरूंना फुकट पाणी पाजतात, त्याला प्याऊ म्हणतात. नंदकिशोरजी तिथं बसून तांब्याच्या झारीनं लोकांच्या ओंजळीत पाणी ओतत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. आम्हाला बघून उठले, विभाला आपली फळी बसायला दिली.

खूप वर्षं मनात होतं ते मी त्या दिवशी विचारलं. "नंदकिशोरजी, त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला नको होतं का? येणार नाही म्हणून?"

त्यांनी झारी खाली ठेवली. मग म्हणाले, "त्याआधी मला वाटायचं, माझं परत येईपर्यंत ही सांभाळतेय. उसनं घेतल्यासारखं. तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं की हे तिचंच आहे. त्यानंतरची सहा वर्षं मी तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं." त्यांनी विभाकडे पाहिलं. "पण ते तिला कधी बोललो नाही, डॉक्टरसाब. लोकांसमोर बोललो, तेव्हा ती नव्हती."

विभानं पदरानं डोळे पुसले. एक बस येऊन थांबली, उन्हानं लाल झालेली माणसं उतरून झोपडीशी गर्दी करू लागली. नंदकिशोरजी झारी उचलून पुढे गेले. एका म्हातारीनं ओंजळ पुढे केली. ती पिऊन होईपर्यंत ते वाकून उभे राहिले, मग पुढच्याकडे वळले. आम्ही थोडा वेळ वाट बघितली, पण रांग संपत नव्हती. मी लांबूनच हात जोडले. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी मान लववली.

पुढच्या वर्षी नागपूरला रतनचं पत्र आलं. हिंदीत, मोठ्या मोठ्या अक्षरांत. बाबूजी चैत्रात गेले, झोपेतच गेले, एवढंच त्यात होतं. विभानं त्याच दुपारी तिला उत्तर लिहिलं, आणि त्यात मधुमतीबद्दल तिला आठवत होतं ते सगळं लिहिलं. पत्र इतकं जाड झालं की पोस्टात जादा तिकिटं लावावी लागली.